कुत्र्याला सांगितलेलं

कॅप्टन मेला आणि मेबलचं तिच्या भावाशी असलेलं बोलणं बंद पडलं. कॅप्टन म्हणजे कुणी जहाजावरचा अधिकारी नव्हे. पिवळट अंगाचं, एका कानाचा लचका तुटलेलं, दिसेल त्या चुलीपुढे जाऊन बसणारं एक गावठी कुत्रं. पण त्याच्याइतकं इमानेइतबारे निरोप पोचवणारं लोवातुई गावात दुसरं कुणी नव्हतं. ते गेलं तेव्हा म्हातारीला आपलं तोंडच कुणी शिवून टाकल्यासारखं झालं.

मेबल सत्तरीच्या पुढची, तिचा भाऊ सेल्विन तिच्याहून थोडा मोठा. दोघं एका आईच्या पोटची आणि आता म्हातारपणी एकाच गावात राहणारी. डोंगरउतारावर वरच्या अंगाला वडापाशी तिचं घर, खालच्या अंगाला गमालाला, म्हणजे पुरुषांच्या सामायिक घराला, लागून त्याचं. हाक मारली तर सहज ऐकू जावी एवढंच अंतर. पण हाक मारायची सोय नव्हती. पॅसिफिकमधल्या या आंबाए बेटावर पोरगा जाणता होऊ लागला की आईचं घर सोडून गमालात झोपायला जातो, आणि त्या दिवसापासून बहिणीशी बोलणं, तिच्यासोबत जेवणं, एका छपराखाली बसणं संपतं. ते मरेपर्यंत. यात भांडण नसतं, राग नसतो. असलीच तर माया असते, आणि ती जपायची म्हणून लांब राहायचं असतं. निदान मोठी माणसं तरी तसंच सांगत आली आहेत.

मेबलला तो दिवस चांगला आठवत होता. तोवर सेल्विन तिला खांद्यावर बसवून समुद्रावर न्यायचा, खेकडे धरून तिच्या पुढ्यात सोडायचा आणि ती किंचाळली की पोट धरून हसायचा. मग एका सकाळी तो आपली चटई गुंडाळून काखेत मारून निघाला. ती त्याच्या मागे धावली. काळ्या वाळूत त्याची पावलं उमटत होती आणि ती उड्या मारत एकेका पावलात आपला पाय ठेवत चालली होती. नेहमीचाच खेळ होता तो त्यांचा. मागून आई आली आणि तिनं पोरीच्या पाठीत धपाटा घातला. आई कधी हात उगारायची नाही, म्हणून तो धपाटा जन्मभर लक्षात राहिला.

“भावाच्या पावलावर पाय द्यायचा नाही,” आई म्हणाली. “आजपासून नाही. त्याची पावलं दिसली की तू बाजूनं जायचं.”

सेल्विननं वळून पाहिलं नाही. मेबल त्या दिवशी जेवली नाही आणि तिला कुणी जेव म्हटलंही नाही.

तेव्हापासून तिनं त्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. तो वाटेनं येताना दिसला की ती झाडीत शिरायची. ती दिसली की तो एखाद्या माडाकडे असा निरखून पाहत उभा राहायचा, जणू माड म्हणून काही असतं हे त्याला आजच कळलंय. एकदा चर्चमध्ये नवा पाद्री आला, त्याचंही नाव नेमकं सेल्विन. बायकांनी त्याच्या स्वागताचं गाणं बसवलं होतं. नावाची ओळ आली की मेबलला खोकला यायचा, आणि ती ओळ दर कडव्याला होती. शेवटी पाद्रीबाबांनी तिला औषध आणून दिलं. तिनंही ते मुकाट्यानं घेतलं.

लग्न होऊन ती खिंडीपलीकडच्या गावात गेली. नवरा भला होता पण अबोल, संध्याकाळी कावा, म्हणजे सुस्ती आणणारा मुळीचा रस, पिऊन आला की आणखीच अबोल. तिनं जन्मभर चटया विणल्या. केवड्याची पानं तोडायची, काटे काढायचे, वाळवायची, चिरायची, विणायची आणि मग लाल रंगात उकळायची. तिच्या चटया लग्नांत गेल्या, दुखवट्यांत गेल्या, मेलेल्या माणसांभोवती गुंडाळून मातीत गेल्या. मुलगा क्लेमंट शिकून शेजारच्या बेटावर, सांतोच्या शहरात नोकरीला लागला, पुढे नवरा वारला. माहेरची खबर कधीमधी कुणाच्या तोंडून कळायची. सेल्विननं लग्न केलंच नाही, सेल्विनची कोनफळं यंदा मांडीएवढी झाली, सेल्विनला ताप येऊन गेला. सांगणाऱ्याला वाटायचं हिचं लक्ष नाही. ती दुसरीकडे तोंड करून सगळं ऐकत असायची.

मग बेटावरच्या ज्वालामुखीच्या डोंगरानं राख ओकली. भर दुपारी दिवे लावायची पाळी आली, अळूची पानं करपली, छपरं राखेच्या ओझ्यानं खाली बसली. सरकारनं बोटी पाठवून अख्खं बेट रिकामं केलं. मेबल सांतोला क्लेमंटकडे जाऊन राहिली. पत्र्याची खोली, सून, नातवंडं, शेजारचा दिवसभर केकाटणारा रेडिओ. माणसांची तिथं काही कमी नव्हती, तरी तिला सारखं एकटं वाटायचं. परत जायची मुभा मिळाली तेव्हा बहुतेकांनी नको म्हटलं. पोरांच्या शाळा इथं, मजुरी इथं, त्या राखेत जाऊन करायचं काय. एक दिवस धक्क्यावर बायका बोलत असताना तिच्या कानावर आलं की लोवातुईचा तो सडाफटिंग म्हातारा पहिल्याच बोटीनं गेला, एकटा. घरी येऊन ती क्लेमंटला म्हणाली की इथं विणायला केवड्याची पानं मिळत नाहीत, मी जाते. क्लेमंटनं बाजारातून पानं आणून दिली. ती म्हणाली, ही पानं बरी नाहीत.

नवऱ्याच्या गावात एकही छप्पर उभं राहिलं नव्हतं, म्हणून ती माहेरच्या गावी आली. विचारणाऱ्या प्रत्येकाला तिनं हेच कारण सांगितलं.

लोवातुईत आता तीनच घरांतून धूर निघायचा. एक तिचं, एक सेल्विनचं आणि तिसरं चर्चमध्ये प्रार्थना वाचणाऱ्या बेसिलचं आणि त्याच्या बायकोचं, व्हायोलेटचं. बाकीच्या घरांत वेली शिरल्या होत्या. ज्या अंगणांत पूर्वी लग्नाच्या चटयांचे ढीग पडायचे तिथं रानकोंबड्या उकरत बसायच्या. अख्खं गाव उठून गेलं तेव्हा मागे राहून, काय खाल्लं देव जाणे, पण जगला तो एकटा कॅप्टन.

टाक्यांतल्या पाण्यात राख उतरलेली असायची, म्हणून सेल्विन सकाळी खालच्या घळीतल्या झऱ्यावरून पाणी आणायचा. दोन डबे. एक स्वतःकडे न्यायचा, एक वडाच्या मुळाशी ठेवायचा, खोकायचा आणि चालू लागायचा. मेबल बाहेर येऊन डबा आत न्यायची. मग त्याच जागी पानात बांधलेलं उकडलेलं कोनफळ नाहीतर किसलेल्या कंदाचा भाजलेला लाप्लाप ठेवायची, खोकायची आणि दार लावून घ्यायची. एवढ्यावर दोघांचं चाललं होतं.

एका सकाळी तो खोकला, पण गेला नाही. कॅप्टन त्याच्या पायांत घोटाळत होता. मेबलनं आतून ऐकलं, तो कुत्र्याशी बोलत होता.

“कॅप्टन, वरच्यांना सांग, छपराच्या डाव्या कोपऱ्याला वाळवी लागलीय. पावसाच्या आत बघा म्हणावं.”

मेबल चुलीपाशी तशीच बसून राहिली. साठ वर्षांत त्यानं तिच्यासाठी बोललेलं ते पहिलं वाक्य होतं, आणि ते वाळवीबद्दल होतं. तिला हसूही आलं आणि रडूही आलं. दुसऱ्या दिवशी तिनं पान ठेवलं, कॅप्टनला जवळ बोलावलं आणि गमालाकडे पाठ करून मोठ्यानं म्हणाली, “कॅप्टन, खालच्यांना सांग, वाळवी मला दिसते. शिडी कोण धरणार?”

त्या दुपारी ती मळ्यात गेलेली असताना छपराचा कोपरा दुरुस्त झाला.

मग ते रोजचंच झालं. कोनफळ कच्चं राहिलं होतं, ढग दाटून आलेत, क्लेमंटला दुसरी मुलगी झाली, गुडघा धरतो. कॅप्टन मधे बसून कान खाजवायचा. व्हायोलेटनं हा प्रकार पाहिला तेव्हा तिला हसू आवरेना. “गावात कामाचा माणूस एकच,” ती म्हणाली, “तेही कुत्रं. त्यालाच रविवारी प्रार्थना वाचायला उभं करा.” हे रीतीत बसतं का म्हणून तिनं बेसिलला विचारलं. बेसिलनं बराच विचार केला आणि सांगितलं की रीत माणसांनी माणसांशी बोलण्याबद्दलची आहे, कुत्र्याशी बोलू नये असं त्यानं तरी कुठे ऐकलेलं नाही. तिथं तो विषय संपला.

आणि मग कॅप्टन म्हातारा होऊन, कुणाला काही त्रास न देता, वडाच्या मुळाशी पडल्या पडल्या मेला. सेल्विननं तिथंच खड्डा केला. माती लोटून झाल्यावर तो नेहमीपेक्षा जास्त वेळ खोकत उभा राहिला. मेबल दाराआड उभी होती. दोघांनाही काहीतरी बोलायचं होतं, आणि बोलायचं कुणाला ते दोघांनाही कळेना.

पुढे काही दिवस व्हायोलेटमार्फत निरोप गेले, पण व्हायोलेट तिखटमीठ लावल्याशिवाय काही वाढायची नाही. खालच्यांचा खोकला वाढलाय, जपा म्हणावं, एवढाच निरोप असायचा. तो खाली पोचेपर्यंत, तुमच्या खोकल्यानं वरच्यांची झोप उडालीय, असा व्हायचा. त्यावर सेल्विननं चार दिवस खोकणंच बंद केलं आणि पाण्याचा डबा कधी आला ते मेबलला कळेना. मग तिनं निरोप पाठवायचं सोडून दिलं. दिवसचे दिवस तिच्या तोंडून शब्द निघायचा नाही. चटई विणताना ती मधेच मान वर करून बघायची आणि समोर कुणी नसायचं. आपण इथं ज्याच्यासाठी आलो तो हाकेच्या अंतरावर आहे आणि आपण सांतोहून जास्त एकट्या आहोत, हे तिला त्या दिवसांत फार लागलं.

एका सकाळी उठून पाहते तर डोंगरानं पुन्हा थोडी राख सांडली होती. फार नाही. वर पावसाची भुरभुर झाल्यानं सगळी वाट करड्या लापशीनं सारवल्यासारखी झाली होती. वडाच्या मुळाशी डबा नव्हता. उशीर झाला असेल म्हणून ती विणायला बसली. ऊन वर आलं तरी खोकला नाही. तिनं पुढे होऊन पाहिलं. राखेत सेल्विनची पावलं घळीकडे गेलेली होती, चांगली स्पष्ट. परत आलेली नव्हती.

बेसिल आणि व्हायोलेट पहाटेच दुसऱ्या गावी चर्चच्या सणाला गेली होती. गावात चिटपाखरू नव्हतं. मेबल परत येऊन चटईपाशी बसली आणि विणू लागली. हे तिचं चुकलंच. दुसऱ्या कुठल्याही गावची बाई केव्हाच धावत सुटली असती. पण त्या पावलांच्या मागे जायचं म्हणजे काय, हे तिच्या पायांना तिच्याही आधी कळत होतं. ते उठेनात. तिच्या पाठीत आईचा धपाटा अजून होता. ती पाती खालून वर, वरून खाली करत राहिली, आणि ऊन डोक्यावर आलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं की मघापासून आपण एकच ओळ विणतोय आणि उसवतोय.

तिनं ती अर्धवट चटई खांद्यावर टाकली, पाण्याची बाटली घेतली आणि निघाली.

सुरुवातीला वाट रुंद होती. ती पावलांच्या बाजूनं, गवतातून चालली. पुढे झुडपं अंगावर आली तेव्हा तिनं केळीची पानं मोडून घेतली. बाजूला जागा नसेल तिथं त्याच्या पावलावर पान अंथरायची आणि मग पाय ठेवायची. तिच्या मनाला तेवढाच आधार. असं करत ती दरडीपर्यंत आली. तिथं वाट एका माणसापुरतीच होती, डावीकडे कडा आणि उजवीकडे घळ. पानं संपली होती. खाली उतारावर एक भाग ताजा घसरलेला दिसत होता.

ती तिथं उभी राहिली. मागे जाऊन पानं आणता आली असती. तिनं एकदा मागे पाहिलंही. मग तिनं उजवा पाय उचलला आणि त्याच्या पावलात ठेवला. त्याचं पाऊल मोठं होतं, तिचा पाय त्यात मावून भोवती जागा उरली. काही झालं नाही. डोंगर कोसळला नाही की आकाश फाटलं नाही. ती दुसऱ्या पावलात गेली, मग तिसऱ्या. तिला घाम फुटला होता आणि ती मोठमोठ्यानं रडत होती. ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून तिनं रडणं आवरलं नाही.

सेल्विन खाली नेच्याच्या झाडाला टेकून पडला होता. एक पाय भलतीकडे वळलेला. एक डबा फुटलेला, दुसरा, तिच्यासाठी भरलेला, त्यानं कुशीत घट्ट धरून ठेवलेला. ती धरत धरत खाली उतरली. तिला पाहताच त्यानं तोंड फिरवलं. तीही त्याच्याकडे पाठ करून बसली. त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

“कॅप्टन,” तो म्हणाला. आवाज पार बसला होता. “वरच्यांना सांग, परत जा म्हणावं. लोक काय म्हणतील.”

कॅप्टनला पुरून किती दिवस झाले होते.

“कॅप्टन,” ती समोरच्या दगडाकडे बघत म्हणाली, “खालच्यांना सांग, लोक आहेत कुठे?”

तो हसला आणि हसता हसता कण्हला. तिनं पाण्याची बाटली मागे सरकवली, पण त्याच्या हातात ती उचलण्याचं बळ नव्हतं. तेव्हा ती सरकत जवळ गेली, तोंड दुसरीकडे ठेवून अंदाजानंच त्याला पाणी पाजू लागली. अर्धं त्याच्या गळ्यावरून सांडलं.

“कॅप्टन, वरच्यांना सांग, माझं तोंड जरा वर आहे.”

मग तिनं चटई त्याच्या पाठीखाली सारली. सारताना तिचा हात त्याच्या खांद्याला लागला. हाडं नुसती. ती ज्या खांद्यावर बसून समुद्रावर जायची तो हाच खांदा, हे तिच्या मनात आलं. ती परत पाठ करून बसली.

“कॅप्टन, वरच्यांना विचार,” तो म्हणाला, “तिकडे मुलगा होता, सून होती, नातवंडं होती. इथं राखेत कशाला आल्या?”

“केवड्यासाठी.”

“कॅप्टन, वरच्यांना सांग, माझं कंबरडं मोडलंय, डोकं नाही.”

मेबलनं झग्याच्या टोकानं डोळे पुसले. “त्यांना सांग, धक्क्यावर कळलं की ते एकटेच परत गेले. म्हणून आले.”

मग हळूहळू, मधे मधे थांबत, तो कुत्र्याला सांगू लागला.

“ज्या दिवशी या लग्न होऊन गेल्या ना, कॅप्टन, त्या दिवशी पाऊस पडून गेला होता. वऱ्हाडात या सगळ्यांच्या मागं होत्या, म्हणून खिंडीतल्या चिखलात यांचीच पावलं वर राहिलेली. मला त्याच वाटेनं मळ्यात जायचं होतं. म्हटलं, थांबू. कुणी येईल-जाईल, पावलं मोडतील, मग जाऊ. कुणी आलंच नाही बघ. दिवसभर उभा राहिलो आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशीही तेच. गडी म्हणाले, याला खिंडीत भूत लागलंय.”

मेबल हे ऐकत होती. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

“कॅप्टन,” ती म्हणाली, “खालच्यांना सांग, आज मी त्यांच्या पावलांवर पाय ठेवून आले. दरडीवर दुसरी जागाच नव्हती.”

आता तो रागावेल किंवा लाजेनं मान खाली घालेल असं तिला वाटलं.

“वरच्यांना विचार,” तो म्हणाला, “उड्या मारत आल्या का?”

ऊन उतरलं. घळीत सावली आली. तो अधूनमधून कॅप्टन असं नुसतंच म्हणायचा आणि ती हं म्हणायची.

घळीच्या पलीकडच्या काठावरून, सणाहून परतीच्या वाटेवर, व्हायोलेटच्या हाका ऐकू आल्या. मेबल उठली आणि झाडीत शिरली, जशी आयुष्यभर शिरत आली होती. व्हायोलेट आणि बेसिल पलीकडच्या अंगानं उतरून आली. सेल्विनच्या पाठीखालची अर्धवट विणलेली चटई, जवळची बाटली, सगळं व्हायोलेटनं पाहिलं.

“ही चटई काय वाऱ्यानं आली?” तिनं विचारलं.

“हो,” सेल्विन म्हणाला.

व्हायोलेटनं एकदा झाडीकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच तिला तिखटमीठ सापडलं नाही. बेसिलनं शेजारच्या गावातून माणसं आणली, बांबूची डोली केली आणि सेल्विनला पलीकडच्या अंगानंच गाडीरस्त्यापर्यंत नेलं. मेबल बरीच मागे, माडांच्या आडून चालत होती. गाडी वळणाआड गेली तेव्हा ती बाहेर आली. तिथून बोटीनं त्याला सांतोच्या इस्पितळात नेलं.

तो जगला. कंबरेचं हाड जुळलं, पण डॉक्टरनं सांगितलं की आता डोंगर चढणं विसरा. क्लेमंटनं मामांना आपल्या घरी नेलं. भाच्यानं मामाची सेवा करायची, ते रीतीला धरूनच होतं. मेबल रविवारी चर्चच्या टेकाडावर जाऊन व्हायोलेटच्या फोनवरून बोलायची, कारण रेंज तिथंच यायची. क्लेमंट म्हणाला, आई, आता तूही ये, तिथं कुणासाठी राहतेस.

“एका छपराखाली?” मेबल म्हणाली.

“आई, शहरात कोण बघतंय ते?”

मुलगा तिचा असला तरी शहरात रुळलेला. एक घर तिला जगात उरलं होतं जिथं ती जाऊ शकली असती, आणि आता त्याच घरात भाऊ होता, म्हणून तेही बंद झालं. गंमत अशी की घळीत त्याला शोधून तिनंच जगवलं होतं. घळीतलं ते घळीत. तिथं कॅप्टन होता. क्लेमंटच्या पत्र्याच्या खोलीत कॅप्टन नव्हता.

ती पाणी स्वतः आणू लागली, पण दुसऱ्या झऱ्यावरून, लांबून. राख पावसात भिजून उन्हात वाळली आणि सिमेंटसारखी घट्ट झाली होती. दरडीवरची पावलं तशीच्या तशी बसली होती. व्हायोलेट म्हणायची, एवढा वळसा कशाला, ती पाऊलवाट काय तुला चावते? मेबल हसून सोडून द्यायची. संध्याकाळी ती वडाच्या मुळाशी पानात बांधलेलं काहीतरी घेऊन यायची, कुणासाठी आणलं ते आठवायची आणि घरी परत न्यायची.

एका रविवारी क्लेमंटचा आवाज काळजीचा वाटला.

“आई, तुला सांगू की नको असं झालंय. मामांचं डोकं बिघडत चाललंय. समोरच्या घरचं कुत्रं ओट्यावर येऊन बसतं ना, सकाळी उठले की त्याच्याशी बोलत बसतात. इकडे पाऊस बरा आहे म्हणे. सूनबाई नीट करते म्हणे, पण कोनफळ कच्चं ठेवते. आता छपराचा डावा कोपरा बघायला कोण आहे, असं विचारत होते त्याला. इथं सगळे पत्रेच आहेत, आई. छप्पर कुठलं?”

मेबल टेकाडावर खाली बसली. फोन कानाला तसाच होता.

“आई? ऐकतेयस ना? डॉक्टरांना दाखवू का?”

“नको,” ती म्हणाली. “आत्ता कुठे आहेत?”

“ओट्यावर. ते कुत्रंही आहे.”

“मोठ्या आवाजाचं ते बटण दाब आणि फोन त्या कुत्र्याच्या कानाशी धर.”

मामांचं डोकं गेलंय आणि आता आईचंही गेलं, असं त्याला वाटलं असणार. पण पोरगा आज्ञाधारक होता. चपलांचा आवाज आला, मग ओट्यावरचा वारा, मग कुत्र्याचं धापणं.

मेबलनं घसा साफ केला आणि गमालाकडे पाठ केली, तिथं आता कुणी राहत नव्हतं तरी.

“खालच्यांना सांग,” ती कुत्र्याला म्हणाली, “दरडीवरची पावलं अजून तशीच आहेत. त्यांची, आणि त्यांच्यात माझी. कुणी येईल-जाईल, मोडतील म्हणून मी थांबलेय. इथं कुणी येत नाही.”

पलीकडे कुत्रं धापत राहिलं. मग वडाच्या मुळाशी डबा ठेवल्यावर यायचा तसा खोकला आला. बराच वेळ चालला. मेबलही खोकली, आणि फोन व्हायोलेटला परत द्यायला उतरणीला लागली.